धुराची रेघ

पराते मॅडम कुठल्याही खोलीत शिरल्या की आधी वर बघायच्या, माणसांकडे नंतर. साखरपुडा असो, बँक असो, दवाखाना असो, उंबऱ्यात उभ्या राहून त्या छताचे चारही कोपरे न्याहाळत, भिंतीत वरच्या अंगाला रोशनदान, म्हणजे हवेचा झरोका, आहे का, असलं तर उघडं आहे का, एवढं बघून घेत आणि मगच चपला काढत. नव्या माणसाला वाटायचं, बाई जळमटं शोधतेय. आमच्या प्राचार्यांच्या सौभाग्यवतींनी हे एकदा मनाला लावून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी बाई लावून सगळं घर झाडून घेतलं. पराते मॅडमना विचारलं तर म्हणाल्या, 'मी तर रोशनदान पाहून राहिली होती. चांगलं मोठं आहे त्यांचं.'

नागपुरात नंदनवनाजवळच्या एका ज्युनिअर कॉलेजात आम्ही दोघी शिकवत होतो. मी मराठी, त्या फिजिक्स. स्टाफरूममध्ये आमची टेबलं एकमेकांना लागून, त्यामुळे त्यांचं बोलणं ऐकण्यावाचून मला गत्यंतर नव्हतं. बुटक्या, भरल्या अंगाच्या, चष्मा कायम कपाळावर चढवलेला, आणि हातात खडू नसला तरी बोटं खडू धरल्यासारखी. वर्गात त्या अगदी पुस्तकी बोलत. पण एखादी गोष्ट अंगात संचारली की भाषा सरळ नागपुरी वळणावर जायची. पोरांना हे ठाऊक होतं. मॅडमच्या तोंडून 'का'च्या जागी 'काहून' आलं की पोरं पेन खाली ठेवत, कारण आता जे येणार ते परीक्षेत नसलं तरी ऐकण्यासारखं असणार.

खोटेपणाची त्यांना चीड होती असं म्हणणं फार मोघम होईल. त्यांना चुकीचं विधानच सहन होत नसे, मग ते कुणी का करेना. आमच्या एका निवृत्त सहकाऱ्याच्या शोकसभेत अध्यक्षांनी त्यांचं वय चुकीचं सांगितलं, तर ह्या बसल्या जागी हात वर करून उभ्या. सभेत हुंदके चाललेले आणि ह्यांची दुरुस्ती. मी पदर ओढून खाली बसवलं. 'गेलेल्या माणसाचं तरी बरोबर सांगा न,' असं पुटपुटत त्या बसल्या. प्रयोगाच्या वहीत एखाद्या पोरानं उत्तर आधी लिहून निरीक्षणं मागाहून जुळवली, तर त्या वहीचं पान फाडत नसत, पण त्या पोराला समोर बसवून जे दिसलं तेच लिहायला लावत, मग उत्तर भलतं का येईना.

धुराचं वेड मात्र त्यांना जन्मजात नव्हतं. ते आमच्या स्टाफरूममध्ये लागलं, आणि त्यांच्याच चुकीनं लागलं. हे मी त्यांच्यामागे सांगत नाही. त्या स्वतः चारचौघांत ही गोष्ट सांगत, आणि रंगवून सांगत.

एप्रिलची दुपार होती. नागपूरचं ऊन नागपूरच्या माणसाला सांगायला नको आणि बाहेरच्याला सांगून पटत नाही. आमच्या खिडकीत लोखंडी पत्र्याचा भलामोठा कूलर होता, पण टाकीत पाणी भरणं चालू असल्यामुळे तो घटकाभर बंद ठेवला होता. कोपऱ्यात चहाची विजेची शेगडी, तिच्या बाजूला जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आणि वर लोंबणारा पडदा. पडदा शेगडीला टेकला आणि पेटला. धूर सरळ वर चढला, छताला लागला, छताखाली पसरत गेला आणि पंख्याच्या थोडा खाली येऊन थबकला. वर काळं, खाली स्वच्छ. रोशनदानातून धूर बाहेर चाललेला, दारातून वारा आत येत होता. आम्ही घाबरलो होतो, पण एकमेकींचे चेहरे दिसत होते आणि सगळ्या शिस्तीत दाराकडे निघालो होतो. तेवढ्यात पराते मॅडमना वाटलं, हा धूर झटक्यात घालवावा. 'कूलर फुल करा, उडून जाईन,' असं म्हणत त्यांनी स्वतःच जाऊन बटण फिरवलं.

आता खरं सांगायचं तर आपल्याकडचा कुणीही शहाणा माणूस हेच करेल. कूलरनं उकाडा जातो, डास जातात, मिरचीच्या फोडणीचा खकाणा जातो, मग धूर का जाऊ नये? पण तो वाऱ्याचा लोट वर साचलेल्या धुरात घुसला आणि ताक घुसळावं तसा सगळा धूर घुसळून खाली आला. भर दुपारी खोलीत अंधार झाला. पडद्यावरची आग गठ्ठ्यांवर उतरली आणि वारा मिळाल्यावर तिला काय पाहिजे? दार कुठे आहे तेच कुणाला कळेना. शेवटी शिपायानं बाहेरून हाका मारल्या, त्या आवाजाच्या दिशेनं आम्ही कशाबशा बाहेर पडलो. मग त्यानं आग विझवली.

अंगणात आम्ही सगळ्या खोकतोय, रडतोय, एकमेकींची काळी नाकं बघतोय. पराते मॅडमच्या पदराला भोक पडलेलं आणि डोळे असे लकाकत होते की मला वाटलं, बाईच्या डोक्यावर परिणाम झाला. त्यांनी माझा दंड धरला.

'मॅडम, रेघ होती. पाहिली न तुम्ही? पंख्याखाली रेघ होती धुराची. आग जळून राहिली होती, धूर बनून राहिला होता, तरी रेघ थांबली होती. मी मोडली ते. पण आधी ते थांबून काहून होती?'

आग का लागली, कुणाच्या चुकीनं लागली, यावर पुढे चौकशी झाली, कागद रंगले. 'कूलर मी लावला' हे त्यांनी न विचारता लिहून दिलं. रेघ का थांबली हा प्रश्न मात्र त्यांनी स्वतःसाठी ठेवून घेतला.

त्या उन्हाळ्यातच त्यांची पेटी तयार झाली. ओळखीच्या सुताराकडून तीन बाजू प्लायच्या आणि समोर काच अशी टीव्हीएवढी खोली करून घेतली. एका भिंतीत दार, वर सरकत्या झाकणाचं रोशनदान, आणि खिडकीत जुन्या कॉम्प्युटरचा छोटा पंखा, तो कूलर. एका कोपऱ्यात पत्र्याच्या झाकणात तेलात बुडवलेला कापसाचा बोळा. दुसऱ्या कोपऱ्यात काडेपेटीचा पलंग आणि त्यावर प्लॅस्टिकची बाहुली. बोळा पेटवला की आम्ही सगळ्या, हो, मीसुद्धा, काचेला नाक लावून बसायचो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला, हे कबूल करते. रोशनदान बंद ठेवलं की काळा थर छताखालून खाली, आणखी खाली उतरत जायचा, दाराची चौकट गाठायचा, मग दाराच्या वरच्या भागातून धूर बाहेर आणि खालच्या भागातून चांगली हवा आत. रोशनदान उघडलं की तोच थर वर उचलला जायचा आणि एका जागी टिकायचा. जेवढा धूर विस्तवातून वर चढतोय तेवढाच बाहेर चाललाय, म्हणून रेघ हलत नाही. विस्तव वाढला की ती थोडी खाली यायची आणि नव्या जागी ठरायची. मॅडम काचेवर लाल नेलपॉलिशनं खूण करत. बाहुली रेघेच्या खाली स्वच्छ हवेत पहुडलेली. मग मॅडम सगळ्यांकडे एकदा बघून पंख्याचं बटण दाबत. क्षणात रेघ नाहीशी, बाहुली नाहीशी, काचेमागे नुसता काळोख. बायका 'अगं बाई' म्हणत. मॅडम पंखा बंद करून सांगत, 'हे मी केलं होतं. फिजिक्सच्या बाईनं.'

दरवर्षी होळी झाली की नागपुरात घरोघर कूलर माळ्यावरून उतरतात, वाळ्याच्या नव्या ताट्या बसतात, पंप तपासले जातात. नेमक्या त्या दिवसांत मॅडम पेटी स्कूटरच्या पुढ्यात ठेवून गल्लोगल्ली निघत. महिला मंडळ, शाळा, फ्लॅटची सोसायटी, जिथे बोलावतील तिथे आणि बोलावलं नाही तिथेही. त्यांचं सांगणं एवढंच: आग दिसली की आधी कूलर बंद. मग खाली बसा, जमिनीलगत राहा, तसंच सरकत बाहेर या. आणि रोशनदानाला पुठ्ठे ठोकू नका. सदरमधल्या एका पॉश सोसायटीत सेक्रेटरींनी विचारलं, आमच्याकडे एसी आहेत, आम्हाला काय? तर मॅडमनी वर बघितलं, रोशनदानांच्या जागी पीओपीची फुलं पाहिली, आणि म्हणाल्या, 'तुम्हाले तर रेघच दिसणार नाही. सरळ खालीच येईन.' त्या सोसायटीत पुन्हा बोलावणं आलं नाही.

भाच्याच्या लग्नातला प्रकार तर आमच्याकडे अजून सांगतात. हॉलच्या वरच्या सगळ्या खिडक्या डेकोरेटरनं गुलाबी कापडानं मढवल्या होत्या आणि स्टेजमागे होमाची तयारी. मॅडम त्या डेकोरेटरशी भांडायला लागल्या. नवरीकडच्यांना वाटलं, वरमावशी मानपानावरून रुसली. दोन काका साडी घेऊन समजूत घालायला आले. मॅडमनी साडी बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, वरचं कापड सोडा, बाकी माझं काही म्हणणं नाही. शेवटी शिडी आली, कापड उतरलं, लग्न लागलं. ती साडी मात्र त्यांना घ्यावीच लागली.

सगळं नागपूर ऐकत होतं, एक माणूस सोडून. तो माणूस म्हणजे त्यांच्या सासूबाई.

सासूबाई उमरेडच्या कोष्ट्याच्या घरातल्या. तरुणपणी हातमागावर लुगडी विणलेल्या. पाठीला बाक आला होता, पण जिभेला नव्हता. खुब्याचं हाड मोडल्यापासून त्या पुढच्या खोलीत खिडकीतल्या कूलरजवळच्या पलंगावर असत. वॉकर धरून मोरीपर्यंत आणि दारापर्यंत जात, तेवढंच चालणं. पराते मॅडमचे यजमान हिंगण्याच्या कारखान्यात, सकाळी कंपनीच्या बसनं जायचे. मुलगी शिकायला बाहेरगावी. कामाची बाई जेवू घालून दुपारी जायची. म्हणजे मॅडम कॉलेजातून परत येईपर्यंत म्हातारी घरात एकटी, डोक्याशी धडधडणारा कूलर, आणि दाराला आतून कडी, कारण दिवसाढवळ्या चोर येतात अशी त्यांची खात्री.

मॅडमचा सगळा जीव त्या दुपारींमध्ये अडकलेला असायचा. जगाला शिकवून झालं, पण जिच्यासाठी ही पेटी त्यांना खरी हवी होती, ती बाहुली पाहून म्हणाली, 'हे मीच हाव न? मलेच जाळून राहिली हे रोज.' पलंगाजवळच्या बोर्डावर कूलरचं बटण होतं. मॅडमनी कितीदा सांगितलं, आई, धूर दिसला की हे दाबा आणि खाली सरका. सासूबाई म्हणत, कूलर बंद करून उकाड्यानं मरू का, आणि या वयात मी जमिनीवर लोळत नाही, कोणी पाहिलं तर काय म्हणन. त्या खोलीचं रोशनदान मॅडमनी सुताराकडून कायमचं मोकळं करून घेतलं होतं, तर त्यातून कबुतर आत आलं म्हणून सासूबाईंनी दोन दिवस अबोला धरला. अबोला म्हणजे सुनेशी. माझ्याशी सुनेबद्दल त्या भरपूर बोलल्या.

कॉलेजात कधी कधी पेपर तपासताना मॅडम मध्येच थांबत. 'ते बटण दाबन का हो मॅडम?' असं विचारत.  मी म्हणायचे, दाबतील.

आणि मग मे महिन्यात ती दुपार आली. आम्ही दोघी कॉलेजात निकालाचं काम करत होतो. मॅडमचा फोन वाजला. शेजारची वैशाली होती. फोन मी बाजूला बसूनही ऐकू शकले इतकी ती मोठ्यानं बोलत होती: पुढच्या खोलीतून धूर येतोय, आजी ओ देत नाहीत, अग्निशमनवाल्यांना फोन केलाय. मॅडम उठल्या त्या खुर्ची पाडूनच. मी मागे धावले आणि स्कूटरवर बसले. त्या कशी स्कूटर चालवत होत्या ते मला आठवत नाही, कारण मी डोळे मिटून घेतले होते. एवढं ऐकू येत होतं की त्या सारख्या म्हणत होत्या, 'कूलर. कूलर. कूलर.'

गल्लीत गर्दी होती. बादल्या, आरडाओरडा, कुणीतरी जाळीचं दार लाथ मारून उघडलेलं. एक तरुण पोरगा आत जाऊन ताबडतोब परत आला होता आणि ओटीवर बसून ओकत होता. गादी-रजयांची चळत पेटली होती. उन्हाळ्यात गुंडाळून कोपऱ्यात ठेवलेल्या, आणि त्यांच्यामागे मोबाईल लावायचा एक्स्टेंशन बोर्ड. कापूस भडकत कमी आणि धुमसत जास्त, त्यामुळे धूर असा निघत होता की अख्खं घर जळतंय असं वाटावं.

मॅडम स्कूटर तशीच टाकून पुढे गेल्या आणि दारासमोर थांबल्या. लोक ओरडत होते, आत जाऊ नका. त्या जातच नव्हत्या. त्या बघत होत्या. एवढ्या गोंधळात ती बाई चष्मा डोळ्यांवर घेऊन दाराकडे टक लावून बघत होती.

मग मीही बघितलं. रोशनदानातून काळा धूर जोरात बाहेर पडत होता. दाराच्या वरच्या अर्ध्यातूनही पडत होता. आणि खालचा अर्धा भाग स्वच्छ होता. फरशी दिसत होती, पलंगाचे पाय दिसत होते. दोन्हींच्या मध्ये सरळ, स्थिर रेघ.

'कूलर बंद आहे,' मॅडम म्हणाल्या. आवाज एकदम वेगळा होता. 'मॅडम, कूलर बंद आहे. आईनं बंद केला. आई जागी आहे.'

एवढं बोलून त्या उंबऱ्यावर गुडघे टेकून रांगत आत शिरल्या. साडी नेसलेली, पन्नाशी उलटलेली बाई. ओटीवरच्या त्या पोराला म्हणाल्या, 'उभा गेला होतास न? आता माझ्यामागं झोपून ये.' आणि तो गेला. मी उंबऱ्याशी बसून आत बघत राहिले, माझ्या अंगात आत जाण्याची हिंमत नव्हती. पलंगाच्या कडेला, फरशीला गाल लावून, सासूबाई पालथ्या पडलेल्या दिसल्या. हात हलला. मी जन्मात इतक्या जोरानं कधी ओरडले नसेन. दोघांनी त्यांना पलंगावरच्या चादरीवर घेतलं आणि चादर ओढत बाहेर आणलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, काही बायका रडायला लागल्या, मी दोन्ही करत होते.

ओसरीत पाणी पाजलं, तोंड पुसलं. सासूबाई खोकत होत्या, पण डोळे उघडे होते. मॅडम त्यांच्या तोंडाजवळ वाकल्या. चेहऱ्यावर काजळी, त्यातून घामाच्या रेघोट्या, आणि लहान मुलीसारखी उत्सुकता.

'आई, कूलर तुम्हीच बंद केला न?'

म्हातारीनं सुनेकडे बघितलं. मग मान हलवली. हो.

मॅडम तिथेच फतकल मारून बसल्या आणि रडल्या. त्यांना रडताना मी पहिल्यांदा पाहिलं. स्टाफरूमच्या आगीत रडल्या नव्हत्या. अग्निशमनची गाडी आली, उरलेल्या रजया बाहेर ओढून विझवल्या गेल्या, यजमान हिंगण्याहून कुणाच्या तरी मोटरसायकलवर बसून आले, सासूबाईंना दवाखान्यात नेलं, आणि डॉक्टरांनी सांगितलं की काळजीचं कारण नाही.

संध्याकाळी घर बघायला मॅडम आणि मी परत आलो. वैशालीनं वायरमनला बोलावून ठेवलं होतं. तो मीटरपाशी बघून म्हणाला, रजयांमागचा बोर्ड जळून शॉर्ट झाला, त्यानं इथलं बटण खाली पडलं आहे. पुढच्या खोलीची लाइन तेव्हाच गेली असेल. मला अर्थ लागला नाही. मॅडमना लागला. त्या पलंगाजवळच्या बोर्डाकडे गेल्या. बोर्डावर काजळीचा पातळ थर होता आणि कूलरचं बटण होतं तसंच होतं. चालू. त्याला कुणी हात लावला नव्हता. काजळीवर बोटाचा ठसाच नव्हता. कूलर म्हातारीनं बंद केला नव्हता, तो वीज गेल्यानं आपोआप थांबला होता.

 मला वाटलं, आता ही बाई दवाखान्यात जाऊन दुरुस्ती करणार. त्यांनी बोट पुढे केलं आणि बटण उलट बाजूला दाबलं. काजळीत त्यांच्या बोटाचा पांढरा ठसा उमटला. तो दिसल्यावर त्यांनी पदरानं सगळा बोर्ड पुसून काढला. मी दारात उभी आहे हे त्यांना माहीत होतं.

 पुष्कळ दिवसांनी एकदा राहवलं नाही म्हणून नुसतं 'ते बटण' एवढंच म्हटलं. त्या पेपर तपासत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, 'प्रयोगात खोटं चालत नाही मॅडम. घरात चालते.' आणि पुढच्या पेपरात एका पोराचा अर्धा मार्क कापला.

त्यानंतर सासूबाई पार बदलल्या. सुनेबरोबर पेटी घेऊन जायला लागल्या. ऑटोत म्हातारी, मांडीवर पेटी, मागे स्कूटरवर मॅडम, अशी मिरवणूक निघायची. गल्लीतल्या बायकांना त्या स्वतःची गोष्ट सांगत आणि दर खेपेला गोष्ट थोडी वाढे. धूर आधी भुरकट होता, मग काळा झाला. आधी खोकला आला, मग हुशारी आली. मॅडम मुकाट्यानं बोळा पेटवत बसायच्या, कुठेही दुरुस्ती नाही. शोकसभेत उभी राहणारी बाई ही, मला आश्चर्य वाटायचं.

मी निवृत्त झाले आणि पुण्याला मुलीकडे जायचं ठरलं. जाण्याआधी एका सोसायटीतल्या कार्यक्रमाला मॅडमनी मला मुद्दाम बोलावलं. खालच्या हॉलमध्ये बायका जमल्या होत्या. नव्या लग्नाच्या मुली, कडेवर पोरं, मागे खुर्च्यांवर आज्या. मॅडम समोर टेबलावर पेटी लावत होत्या. मी सासूबाईंच्या शेजारी बसले. म्हातारीनं माझ्या हातावर हात ठेवला, सुरकुतलेला, हलका.

'बाई, तुम्ही आता जाऊन राहिल्या, म्हणून सांगतो,' त्या खालच्या आवाजात म्हणाल्या. 'मी काही बंदगिंद केला नाही कूलर. हात पुरलाच नाही मले तिथवर. घाबरून खाली पडली, अन् पडल्या पडल्या आठवलं हे काय सांगते ते, म्हणून पडून राहिली. कूलर आपसूकच थांबला.'

मी त्यांच्याकडे वळून विचारलं,

'मंग त्या दिवशी हो म्हणून मान काहून हलवली तुम्ही?'

'तिनं कसं विचारलं पाहिलं न तुम्ही? तोंड पाहिलं न तिचं?' म्हातारी समोर बघत म्हणाली. 'इतकी वर्षं बोंबलून राहिली होती माझ्यापाशी. त्या वक्ताले नाही कशी म्हणू?' मग माझा हात दाबला. 'तिले सांगजा नका. तिले मालूम झालं तर तिचा जीव जाईन.'

मी सांगणार नाही म्हणाले.  

समोर मॅडमनी बोळा पेटवला. काचेमागे धूर चढला, छताला लागला, पसरला, आणि रेघ ठरली. बायका पुढे सरकल्या. मॅडमनी चष्मा कपाळावर ढकलला, आमच्याकडे वळल्या आणि वर्गात हुशार पोराला उभं करावं तशा अभिमानानं म्हणाल्या, 'आता आमच्या आई सांगतील. आई, धूर दिसल्यावर तुम्ही पयले काय केलं?'

म्हातारीनं माझ्या हातावरचा हात काढून घेतला, पदर सारखा केला आणि शेवटच्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, 'पयले कूलर बंद केला.'

'बरोबर,' पराते मॅडम म्हणाल्या.